नवे मासे सोडायचेत? आधी फौजदाराला टाकीबाहेर काढा

आमच्या माशाचं नाव फौजदार. नातीनं ठेवलंय. जात जॅक डेम्प्सी, सिक्लिड या भांडखोर माशांच्या कुळातली. १९१९ ते १९२६ या काळात जगज्जेता असलेल्या अमेरिकन बॉक्सरचं नाव या माशाला चिकटलं ते उगाच नाही. तोंडाची ठेवणही तशीच आणि स्वभावही तसाच. मूळ मुलूख मेक्सिको-होंडुरासकडचा, मुक्काम सध्या साताऱ्यात आमच्या हॉलमध्ये. लांबी १८ सेंटीमीटर. टाकी चार बाय दीड बाय दीड फुटांची, म्हणजे दगड-वाळू धरून सव्वादोनशे लिटर पाणी. एवढ्या पाण्यात तो दोन वर्षं एकटा राहत होता, कारण दुसऱ्या कुणाला तो राहू देत नव्हता.

मी एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. जागेवरून होणारी भांडणं मला नवी नाहीत. स्टँडवर गाडी लागली की एखादा गडी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो आणि मग तिथं कुणी टेकलं तर गाडी डोक्यावर घेतो. तिकीट अजून कुणीच काढलेलं नसतं, पण रुमाल टाकलाय ना! फौजदाराचं तेच. फरक इतकाच की त्यानं एका सीटवर नाही, अख्ख्या गाडीवर रुमाल टाकलेला.

हे मला कळायला एक मासा मेला. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत पुण्याहून एक सेव्हरम आणला, दहा सेंटीमीटरचा, हिरवट सोनेरी, फार देखणा. दुकानदार म्हणाला, "काका, काही होत नाही. दोन दिवस भांडतील, मग आपोआप जुळतं." मी पिशवी अर्धा तास टाकीत तरंगवली आणि सोडून दिला. फौजदारानं आधी नुसतं पाहिलं. मग गलफडं फुलवली, आडवा झाला, शेपटीनं पाणी ढकललं. सेव्हरमला काय कळायचं ते कळलं. तो फिल्टरच्या मागे वरच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेपटीचा अर्धा पंखा गेलेला. तिसऱ्या दिवशी पहाटे तो फरशीवर सापडला. फिल्टरची वायर जाते तिथं झाकणाला चार बोटांची फट होती, तिच्यातून उडी मारली होती.

चूक एक नव्हती. एकटा मासा आणला, फौजदारासारख्याच बांध्याचा आणला, आणि टाकी होती तशीच ठेवून आणला. पुढच्या खेपेला तिन्ही गोष्टी उलट केल्या.

त्याआधी एक. तुमच्याकडे मोठा फ्लॉवरहॉर्न (डोक्यावर टेंगूळ असलेला संकरित सिक्लिड) असेल, किंवा सिक्लिडची जोडी अंडी घालून बसली असेल, तर नवा मासा आणायच्या फंदात पडूच नका. पिल्लांवर बसलेली जोडी कुणालाच सोडत नाही आणि फ्लॉवरहॉर्नला बहुतेक वेळा सोबत नकोच असते. टाकी तीन फुटांपेक्षा लहान असेल तरी तेच. पळणाऱ्याला पळायला जागा तर पाहिजे.

कुणाला आणायचं

भांडखोर मासा सगळ्यांशी सारखा भांडत नाही. जो आपल्यासारखा दिसतो, आपल्याच थरात फिरतो, आपलीच जागा मागेल असं वाटतं, त्याच्यावर पहिला राग. म्हणून सिक्लिडच्या टाकीत तशाच अंगाचा दुसरा सिक्लिड हा सगळ्यांत वाईट पाहुणा. रेड टेल शार्क पाळणाऱ्यांचाही हाच अनुभव: तो टेट्रांसारख्या छोट्या माशांना सोडून देतो आणि तळाशी फिरणाऱ्या लांबुळक्या माशाच्या मागे लागतो.

मी सिल्व्हर डॉलर घेतले. नावाप्रमाणे रुपयासारखे गोल, चपटे, चंदेरी. मधल्या पाण्यात थव्यानं फिरतात, चपळ असतात, बिळावर हक्क सांगत नाहीत. पिरान्हाच्या भावकीतले आहेत हे नातीला सांगितल्यावर ती दोन दिवस टाकीत बोट घालेना, पण हे पाला खाणारे. म्हणून टाकीत खऱ्या वनस्पती लावल्या असतील तर त्यांचा निरोप घ्या. आम्ही प्लास्टिकच्या लावल्या.

आणखी एक नाव डोक्यात होतं, मलबार डॅनिओ. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांत सापडणारा मासा, बाणासारखा पळतो, सिक्लिडच्या टाकीला उत्तम. पण ओढ्यातून धरून आणलेला मासा सोबत काय काय जंत घेऊन येईल याचा नेम नाही, आणि दुकानात तेव्हा मोठे नव्हते. लहान माशाचं एक साधं गणित आहे: जो फौजदाराच्या तोंडात मावतो तो सोबती नाही, नाश्ता आहे.

संख्या पाच. एक आणला तर सगळा मार त्याच्या वाट्याला. पाच असले तर एकाच्या मागे लागेपर्यंत दुसरा समोरून जातो आणि फौजदाराला नेमका कुणावर डूख धरायचा ते ठरवता येत नाही. एरवी टाकीत मासे थोडे थोडे वाढवावेत असं सांगतात, आणि पाण्याच्या दृष्टीनं ते बरोबरच आहे. पण मालक भांडखोर असेल तिथं मी सगळे एकदम सोडण्याच्या बाजूचा आहे. पाण्यावरचा भार वाढतो तो वेगळ्या मार्गानं सांभाळता येतो, पुढे सांगतो. मार खाल्लेला मासा सांभाळता येत नाही.

पिशवीचा प्रवास

स्वारगेटहून सातारा तीन तास. दुकानदाराला सांगून पिशवीत एक भाग पाणी, दोन भाग ऑक्सिजन भरून घेतला, दोन पिशव्या केल्या, थर्माकोलच्या खोक्यात ठेवल्या आणि खोकं मांडीवर. गाडीतला कंडक्टर ओळखीचा निघाला. "मामा, काय आहे?" म्हणाला. म्हटलं, पाच हाफ तिकिटं.

इथं एक बारीक गोष्ट आहे, फारसं कुणी सांगत नाही. बंद पिशवीत मासे श्वास सोडतात, त्या कार्बन डायऑक्साइडनं पाणी जरा आंबट होतं. त्याच पिशवीत त्यांच्या घाणीतला विषारी अमोनियाही साठत असतो, पण आंबट पाण्यात तो फार बाधत नाही. पिशवी उघडली की वायू उडून जातो, आंबटपणा उतरतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून शेजारच्या दुकानातून आणलेला मासा असेल तर पिशवी उघडून दर पाच-दहा मिनिटांनी वाटीभर पाणी घालत बसा, चालतं. लांबून आणलेला असेल तर बंद पिशवी वीस मिनिटं तरंगवून फक्त तापमान जुळवा, आणि पिशवी उघडली की मासे जाळीनं उचलून लगेच नव्या पाण्यात. दुकानाचं पाणी कुठल्याच परिस्थितीत टाकीत ओतायचं नाही.

आधी तीन आठवडे टब

मासे घरी आले की टाकीत नाही, वेगळ्या पाण्यात. मी आमच्या हिचा कुरडयांचा गहू भिजवायचा पन्नास लिटरचा टब घेतला. कधीही साबण न लागलेला टब घरात तेवढाच होता. यावरून जे काही बोलणं झालं ते इथं लिहीत नाही.

टबात स्पंज फिल्टर. हा स्पंज मी महिनाभर आधी मोठ्या टाकीत चालू ठेवला होता, म्हणजे घाण पचवणारे जिवाणू त्यात बसलेले होते. नगरपालिकेच्या पाण्याला अँटीक्लोरीन, वरून जाळी आणि जाळीवर पोळपाट. डॉलर घाबरट असतात, दिवा लावला तरी उडतात.

हे तीन आठवडे वाया जातात असं वाटतं. पाचव्या दिवशी मला वाटेनासं झालं. एका डॉलरच्या परावर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे चार पांढरे ठिपके दिसले. हा व्हाइट स्पॉट, एका बारीक परजीवीचा रोग. हा परजीवी माशाच्या कातडीखाली असतो तोवर त्याच्यावर औषध चालत नाही; तो सुटून पाण्यात पोहायला लागतो तेव्हाच मरतो. म्हणून ठिपके गेले की उपचार थांबवायचे नसतात. मी हीटरनं पाणी दोन दिवसांत हळूहळू तीस अंशांवर नेलं, लिटरला दोन ग्रॅम या हिशेबानं शंभर ग्रॅम खडेमीठ दिवसभरात तीनदा विरघळवून घातलं, आणि हवेचा जोर वाढवला, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो. पाणी बदललं की बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा. आठव्या दिवशी शेवटचा ठिपका गेला, त्यानंतरही आठवडाभर तसंच ठेवलं. हेच मासे थेट टाकीत सोडले असते तर फौजदारासकट सगळे गेले असते.

अदलाबदल

आता मुख्य काम. नवे मासे सोडायच्या दिवशी फौजदार टाकीत नसला पाहिजे. रात्री दिवा बंद करून सोडा, आधी पोटभर खायला घाला, आरसा लावून लक्ष दुसरीकडे वळवा, असे उपाय लोक सांगतात. पहिले दोन मीही करतो, पण ते मीठ-लिंबासारखे. त्यांनी जेवण होत नाही. आरशानं तर तो दिवसभर स्वतःशीच भांडून अजून तापतो. त्याच्या डोक्यातला रुमाल जोवर उचलला जात नाही तोवर सकाळी दिवा लागल्यावर पहिले पाढे पंचावन्न.

फौजदाराला धरायला जाळी वापरू नका. सिक्लिडच्या परांचे काटे जाळीत अडकतात, सोडवताना पर फाटतो. मी पाच लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा पाण्यात आडवा धरला आणि दुसऱ्या हातातल्या जाळीनं त्याला नुसतं हाकललं. दोनदा हुकला, तिसऱ्यांदा डब्यात. पाणी अंगावर येतं, लेंगा घालूनच बसा.

डॉलर टबातून टाकीत आले आणि फौजदार टबात गेला. त्याच टबात. आधी मिठाचं पाणी काढून टाकीचं पाणी भरलं, स्पंज तोच चालू ठेवला. वर पोळपाट, पोळपाटावर वरवंटा. हा मासा ताकदीचा आहे आणि पहिल्या रात्री त्यानं दोनदा धडक मारलेली मी ऐकली.

तो बाहेर असताना टाकी पालटायची. थोडीफार नाही, अशी पालटायची की आपल्यालाही हॉलमध्ये आल्यावर वेगळी वाटावी. फौजदाराचं बिऱ्हाड डाव्या कोपऱ्यातल्या आडव्या मातीच्या कुंडीत होतं आणि कुंडीसमोरची वाळू त्यानं तोंडानं उकरून खळगा केला होता. कुंडी काढून उजवीकडे नेली, तोंड मागच्या काचेकडे केलं. खळगा बुजवला. दोन मोठे काळे दगड मधोमध असे रचले की एका टोकाला उभं राहून दुसरं टोक दिसू नये. हे फार महत्त्वाचं. जो दिसत नाही त्याच्या मागे मासा लागत नाही. दगड बाजूच्या काचेवर टेकू देऊ नका आणि वाळू सारून थेट टाकीच्या तळावर बसवा, नाहीतर तो खालून उकरतो आणि दगड कलंडतो. दगड नवा असेल तर त्यावर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर चुनखडी आहे, ठेवू नका.

वाळू हलवली की खालची घाण वर येते. ती नळीनं ओढून घेतली, पंचवीस टक्के पाणी बदललं. आणि त्या आठवड्यात फिल्टरला हात लावला नाही. नवे पाच मासे आलेले असताना फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुवायचा म्हणजे जिवाणू धुऊन काढायचे आणि अमोनियाला दार उघडून द्यायचं. पुढचे दहा दिवस खाणं निम्मं आणि एक दिवसाआड चाळीस-पन्नास लिटर पाणी बदल. पाण्यावरच्या भाराचं वर म्हणालो ते एवढंच. टेस्ट किट असेल तर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले पाहिजेत.

फौजदार पाच दिवस टबात होता. कमीत कमी चार ठेवा. या दिवसांत डॉलरना कळतं की आडोसे कुठं आहेत, पळायच्या वाटा कुठल्या, खाणं कुठून पडतं. तिसऱ्या दिवशी ते हातातून वाफवलेला पालक ओढायला लागले. त्या दिवशी ही पहिल्यांदा म्हणाली, "अहो, हे चांगले आहेत."

परत येताना पडदा

सहाव्या दिवशी फौजदाराला आणलं, पण मोकळा नाही. फॉल्स सीलिंगच्या दिव्यांना चौकोनी भोकांची पांढरी प्लास्टिकची जाळी येते, ती टाकीच्या मापात कापून मध्ये उभी केली. वरून झाकणाला टेकली पाहिजे, खाली वाळूत दोन बोटं रुतली पाहिजे, कडेला फट नको. लहान टाकीवाले भाजीची जाळीदार टोपली तरंगवून त्यात नवा मासा ठेवतात, तेही चालतं, पण टोपलीत दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त नको.

पलीकडच्या भागात सोडल्यावर फौजदार थेट डाव्या कोपऱ्याकडे गेला. कुंडी नाही. खळगा नाही. तो तिथं थांबला आणि मग सगळ्या बाजूंनी दगड हुंगत फिरला, नव्या गावात उतरलेल्या माणसासारखा. रंगसुद्धा उतरलेला. तासाभरानं जाळीपाशी येऊन गलफडं फुलवली. डॉलर पलीकडे एका रांगेत. चार दिवस हेच, पण रोज थोडं कमी. चौथ्या दिवशी तो जाळीकडे पाठ करून गोळ्या खात होता. मग जाळी काढली.

काढायची वेळ संध्याकाळची, खाणं झाल्यावर, दिवा बंद करून. पाणी पंचवीस-सव्वीस अंशांवर. तापलेल्या पाण्यात मासे जास्त चवताळतात, त्यामुळे साताऱ्यातल्या मे महिन्यात मी हे काम करणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी घरात कुणीतरी हवं. शुक्रवारी रात्री जाळी काढा, सोमवारी नको.

काय चालतं, काय नाही

पाठलाग होणार. थोडं धावून फौजदार परत फिरला तर ते ठीक, तो नुसतं तिकीट तपासतोय. गलफडं फुलवणं, आडवं होऊन शेपटी हलवणं हेही ठीक. दोन-चार खवले गेले, पराच्या कडेला एखादा खाचा पडला तरी घाई नको.

पण एकाच माशाच्या मागे तो पुन्हा पुन्हा लागतोय, आडोशात घुसूनही त्याला सोडत नाही, आणि तो मासा वरच्या कोपऱ्यात हीटरला चिकटून उभा राहतो, खाण्याकडे येत नाही, तर संध्याकाळची वाट पाहू नका. मी सेव्हरमला तसा दोन दिवस पाहत बसलो होतो. अशा वेळी बाहेर काढायचा तो मार खाणारा नाही, मारणारा. मार खाणाऱ्याला काढून चार दिवसांनी परत सोडलं तर तो पुन्हा नवाच ठरतो. पुन्हा टब, पुन्हा दगडांची अदलाबदल, पुन्हा जाळी.

आमच्याकडे एकदा तसं झालं. नवव्या दिवशी फौजदारानं सगळ्यांत लहान डॉलरची शेपटी धरली. त्याला पुन्हा तीन दिवस टबात पाठवला. परत आल्यावर त्यानं उजवीकडच्या कुंडीत बिऱ्हाड केलं आणि कुंडीसमोरची वीतभर वाळू आपली मानली. तेवढ्यापुरता तो अजूनही कुणाला येऊ देत नाही. खाणं दोन टोकांना एकाच वेळी टाकतो, उजवीकडे गोळ्या, डावीकडे पालक.

तीनदा करूनही जमलं नाही तर सोडून द्या. दुसरी टाकी करा, नाहीतर दुकानदाराला परत द्या. बरेच दुकानदार मोठा मासा घेतात. नदीत किंवा तळ्यात मात्र सोडू नका. बाहेरून आलेल्या चिलापीनं (तिलापिया माशानं) उजनी धरणात केवढं बस्तान बसवलंय ते भिगवणच्या बाजारात जाऊन पाहा.

टब मी अजून रिकामा केलेला नाही. गॅलरीत तुळशीशेजारी आहे, स्पंज चालू, तळाशी दोन गोगलगायी, म्हणजे जिवाणूंना खायला काहीतरी मिळतं. उद्या मध्यरात्री टाकीत मारामारी झाली तर तयार पाणी हवं. कुरडयांसाठी हिनं फेब्रुवारीत नवा टब आणलाय आणि त्यावर मार्करनं लिहिलंय: मासे नाहीत.